आमच्या चर्चचा कॅमेरा कुणीच बघत नाही

क्लूनबारा, रॉसकॉमन परगणा
मंगळवार

प्रिय डिंपनाताई,

धाकट्या अट्रॅक्टाचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? कॉव्हेंट्रीतल्या त्या डॉक्टरने शेवटी गोळ्या बदलल्या की अजून "वय झालं" यावरच भागवतोय? इकडे सगळं ठीक. तुझं पत्र काल मिळालं. तीन पानं तिकडचा पाऊस, शेजारणीचं मांजर आणि सुनेचा स्वयंपाक, आणि अगदी खाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं, तुझा प्रश्न: "गुरुवारी तू संत पेरेग्रिनपुढे मेणबत्ती का लावलीस?" कॅन्सरवाल्यांच्या संतापुढे कुणी पाय मोकळे करायला जात नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तेव्हा उत्तर देणारच आहे. पण आधी डॉ. फिआक्रा डेव्हरोची गोष्ट ऐक, कारण तिच्याशिवाय माझं उत्तर तुला समजायचं नाही (असं मी म्हणतेय; खरं तर मला अजून थोडा वेळ हवा आहे).

हा डॉक्टर म्हणजे औषधवाला नव्हे. डब्लिनच्या विद्यापीठात माणसांचा अभ्यास करतो, आणि सध्या माणसं इंटरनेटवर देवाधर्माचं काय करतात ते बघत हिंडतोय. उंच, काटकुळा, दाढी अशी की उरलेली बहुधा पुढच्या वर्षी येईल. आमच्याकडे कसा वळला, तर चर्चच्या कॅमेऱ्याचे आकडे त्याच्या हाती लागले. रविवारच्या मिस्साची प्रार्थना घरबसल्या बघणारे मोजके. पण मधल्या वारी, चर्चमध्ये चिटपाखरू नसताना, पडद्यावर नुसती बाकं आणि वेदी दिसत असताना, शेकड्यांनी माणसं डोळे लावून बसलेली. त्याने याला रिकामेपणाची उपासना असं नाव दिलं. फादर मलाकी तर हरखूनच गेले. आपला कळप इतका ध्यानी निघेल असं त्यांना प्रवचन देताना कधी जाणवलं नव्हतं. बिशपांना कळवलंसुद्धा.

आता तू आणि मी उगाच का एकमेकींसमोर साळसूदपणा करायचा? कॅमेरा बसवला तो अंथरुणाला खिळलेल्यांसाठी. बसवणारा होता कन्सेप्टाचा जावई, आणि त्याला कुणी काय सांगितलं देव जाणे, पण वेदीबरोबर चारही संतांचे पुतळे चौकटीत बरोब्बर आले, मेणबत्त्यांच्या स्टँडसकट. अँथनीपुढे थांबलात तर काहीतरी हरवलंय. ज्यूडपुढे, तर काम हाताबाहेर गेलंय. जेरार्डपुढे, तर घरात पाळणा हलणार किंवा हलावा अशी इच्छा आहे. पेरेग्रिनचं सांगायला नको. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. आमच्याकडे ज्याचं जळतं ते आधी कन्सेप्टाला कळतं. पोस्टातली मुलगी जेरार्डपुढे जरा रेंगाळली, तर संध्याकाळपर्यंत दुकानातली बाळाच्या मोज्या-टोपड्यांची पिवळी लोकर संपली. पबवाल्या टर्लोने अँथनीला मेणबत्ती लावली, तेव्हा त्याची गाय हरवली असं धरून चार जण दिवे घेऊन दलदल तुडवून आले. हरवली होती त्याची कवळी. पण त्याला सरळ विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं म्हणजे बघत होतो असं कबूल केल्यासारखं. आणि कॅमेरा तर कुणीच बघत नाही. सगळे फक्त मिस्सापुरता लावतात. काही शहाणे आपलं दुःख घेऊन शेजारच्या गावच्या चर्चला जातात. तिथेही कॅमेरा आहे. कन्सेप्टा एक गाव टॅबवर लावते आणि दुसरं फोनवर, साखरेच्या भांड्याला टेकवून.

तर डॉक्टर घरोघर गेला, चहा प्यायला, प्रश्न विचारले. रिकामं चर्च बघताना तुम्हाला काय वाटतं? लोकांनी सांगितलं, शांत वाटतं. एक जण तर म्हणाला की आपल्याला अनंताचा भास होतो (हा तोच, ज्याने गाय शोधताना बूट घालवला). डॉक्टरने सगळं टिपून घेतलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मग त्याच्या मनात आलं की नुसतं बघून भागायचं नाही, आपणही करून बघावं. म्हणून एक मेणबत्ती घेतली, आणि जेरार्डच्या स्टँडवर जागा रिकामी होती म्हणून तिथे लावली. त्याची सासू इथून जवळ बॉइल गावात असते हे त्याने स्वतःच सगळ्यांना चहावर सांगितलेलं. तो चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत सासूने डब्लिनला मुलीला फोन करून आनंदाने रडून घेतलं होतं, आणि मुलीने याला फोन करून, तू माझ्या आधी माझ्या आईला काय सांगितलंस, म्हणून फैलावर घेतलं होतं. बिचारा माझ्याकडे आला. म्हणाला, "अट्रॅक्टामावशी, माझी सासू इथे नव्हती, मग तिला कळलं कसं?" मी म्हटलं, "आईचं काळीज असतं, बाळा." तेही टिपून घेतलं.

याच सगळ्या गडबडीत गुरुवारी मी पेरेग्रिनपुढे उभी राहिले. घरी आले तर खिडकीत कुणीतरी भाजलेला अ‍ॅपल पाय ठेवलेला. संध्याकाळी आणखी दोन, आणि सोडाब्रेड. शुक्रवारी टर्लोने फाटक दुरुस्त करून दिलं, जे आमचे हे असल्यापासून लोंबत होतं. का आलास म्हटलं तर म्हणे, इकडून जात होतो (हातात बिजागऱ्या घेऊन). कन्सेप्टा, जिने चाळीस वर्षांत माझ्या एका टोपीला बरं म्हटलं नाही, ती मान तिरकी करून म्हणाली, "छान दिसतेस गं." तेव्हा मला खरी भीती वाटली. रविवारी फादर आशेवर बोलले, छताकडे बघत. गावात एकटाच माणूस असा होता की ज्याला काही कळलं नाही, आणि तो विद्यापीठातून आला होता. पहिल्याच बाकावर बसलेला. नंतर माझे आभार मानले. म्हणाला, इतक्या दुर्लक्षित संताची कुणी आठवण ठेवतं हे बघून फार बरं वाटलं.

तर आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझा चष्मा हरवला होता. अँथनीच्या स्टँडवर जागा नव्हती, म्हणून पेरेग्रिनकडे लावली. चष्मा सापडला. काळजी करू नकोस, मांजराला आणि सुनेला माझा आशीर्वाद.

तुझी,
अट्रॅक्टा

ता. क. तू बघितलंच असणार की चष्मा माझ्या नाकावर होता. तेव्हा ते राहू दे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. डाव्या बाजूला गाठ आहे, वाटाण्याएवढी. गॉलवेच्या इस्पितळात तुकडा काढून घेतलाय, पुढच्या शुक्रवारी सांगणार आहेत. डॉक्टर (औषधवाली) तरुण आहे पण हात हलका आहे.

ता. क. पुन्हा. फिआक्राने त्याचं लिखाण मला वाचायला दिलं. त्यात म्हटलंय की मेणबत्ती लावणारा देवाशी बोलतो आणि कॅमेरा मधे नुसता असतो. इतरांचं मला माहीत नाही. पेरेग्रिनला मी अजून काहीही मागितलेलं नाही. तुला फोन करायला घ्यायची आणि ठेवून द्यायची, असं दोन दिवस चाललं होतं. शेवटी तुझी चहाची वेळ साधून चर्चमध्ये गेले, कारण त्या वेळी तू हमखास लावून बसतेस. ती मेणबत्ती तुझ्यासाठी होती, ताई. मान वर करून कॅमेऱ्याकडे बघायचं मात्र धाडस झालं नाही. तूही फोन न करता पत्रच पाठवलंस, त्यावरून समजले की तुलाही विचारवत नव्हतं. मी फार घाबरले आहे. शुक्रवारच्या आधी ये. नॉकच्या विमानतळावर टर्लो गाडी घेऊन येईल. त्याला मी अजून काहीच सांगितलेलं नाही, पण काल येऊन त्यानेच विचारलं, तुझ्याकडचं बर्मिंगहॅमचं विमान किती वाजता उतरतं.