नसांची दुसरी तपासणी

केनाक बेट, ५ जुलै

चि. नोल्बेर्तो यास आईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. बटाटे कोठारात पडले. लाल गाय व्याली, कालवड झाली. सूनबाईला सांग, तिने विणलेले मोजे मी रोज घालते.

वृद्धाश्रमात माझ्यासाठी खाट धरून ठेवलीस असं कळवलंस. ती सोडून दे. मी येणार नाही.

अक्षर बघून तुझ्या लक्षात आलंच असेल. उजव्या हातात आता पेन ठरत नाही. मी सांगते आहे आणि उलिसेस लिहितो आहे. हो, तोच होडीवाला. तुझे वडील गेल्यावर तो घरी येऊ लागला म्हणून तू ज्याच्याशी बोलणं टाकलंस, तोच.

मार्चमध्ये माझ्या नसा तपासल्या तेव्हा डॉक्टरीणबाई तुझ्याशी बाहेर बोलल्या, आणि तू आत येऊन म्हणालास, काही विशेष नाही. जूनची तपासणी पुढे गेली असं मी तुला कळवलं होतं. ती पुढे गेली नव्हती. उलिसेसने मला नेलं.

पुन्हा तेच. हाताला पट्ट्या, विजेचे झटके, मग स्नायूत सुई. या वेळी मी बाईंना म्हटलं, काय असेल ते माझ्या तोंडावर सांगा. त्यांनी सांगितलं. झटका दिल्यावर माझ्या हाताकडून जे उत्तर यायचं, ते तीन महिन्यांत निम्म्यावर आलंय. ज्यांचं इतक्या झपाट्याने उतरतं, त्यांच्यातले बरेच जण वर्षाच्या फार पुढे जात नाहीत. पण हा अंदाज पुष्कळ माणसांवरून बांधलेला, नेमकं माझं त्यांना सांगता येणार नाही म्हणाल्या. बाई सरळ आहे. मला आवडली.

परतताना होडीत मी उलिसेसला म्हटलं, ऐकलंस ना, आता येणं बंद कर. त्याने होडी धक्क्याला लावली. मग म्हणाला, "रात्री तुझी कूस कोण बदलतं?"

"कोणी नाही. पडून राहते तशीच."

"मग मी बदलीन. पण चोरासारखा येणार नाही. लग्न करू."

(इथे त्याचा हात थांबला. मी म्हटलं, लिही.)

शनिवारी चर्चमध्ये लग्न आहे. डुक्कर कापणार, शेजारणी बटाट्याचे मिलकाओ तळणार. म्हातारीला मरताना नवरा सुचला, असं गावात बोलतात. सुचला तर सुचला.

पोटात नळी घालायची की नाही, श्वासाचं यंत्र लावायचं की नाही, ते मी ठरवीन. माझी वाचा गेली तर माझ्या वतीने उलिसेस सांगेल, तू नाही. तुझ्या मनाला हे लागेल. लागू दे.

भीती वाटत नाही असं नाही. घास अडकतो तेव्हा वाटते. पण ती आश्रमातही वाटेल, आणि तिथे मी कुणाची कोणी नसेन.

शनिवारी ये. माझे पाय चालतात पण तोल जातो, आणि नवरा तर वेदीपाशी उभा असणार. दारापासून तिथवर माझा दंड धरायला माणूस हवाय. तू आला नाहीस तर एकटी चालेन. पडले तर सगळ्यांदेखत उठेन.

शनिवारपर्यंत विधवा, आणि त्यानंतरही तुझी आईच,
रोसाल्बा