आखूड हात

ग्रीन्सबरो, अलाबामा
४ मे

प्रिय ल्यूशस,

धाकट्या भावाला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायचं झालं तरी हातात घ्यावं लागतं.

इथलं बरं चाललंय. चर्चच्या छपरावर नवे पत्रे बसले. तुझ्या वर्नेटाचे गुडघे कुरकुरतात, तरी ती शाळेच्या स्वयंपाकघरात जायची थांबत नाही. माझं प्रवचन अजूनही लांबतं आणि बायका म्हणतात, "बाई, देव थांबेल, चुलीवरची कोंबडी थांबत नाही."

तुझ्या मुलाचं, कॉर्डेलचं, टीव्हीवर पाहिलंच असशील. तीन दिवस व्यावसायिक फुटबॉल संघ कॉलेजच्या पोरांतून खेळाडू निवडत होते. वर्नेटाच्या अंगणात आम्ही सगळे जमलो होतो, बरगड्या भाजल्या होत्या, मक्याचा पाव होता. कॉर्डेल मांडीवर फोन ठेवून बसला होता. नावामागून नावं पुकारली गेली, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. शेवटी समालोचक म्हणाला, "पोरगा चांगला आहे, पण हात आखूड."

हात आखूड! चार वर्षं या पोराने कॉलेजच्या संघात चेंडू फेकणाऱ्याची पाठ राखली. त्याला ओलांडून पलीकडे गेलेले गडी बोटांवर मोजावेत. आणि फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला, निवडीआधीच्या तपासणीत, त्याला नुसत्या चड्डीवर मंचावर उभं केलं. समोर संघांची माणसं ओळीने बसलेली. उंची घेतली, वजन घेतलं, पंजा ताणून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मोजला. मग खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात. कडेला खेळणाऱ्या राखणदाराचा हात तेहतीस इंच तरी हवा, असा त्यांचा दंडक. आपल्या पोराचा पाऊण इंच कमी भरला.

सगळं गाव पेटलं. एल्रॉय न्हावी म्हणाला, "पाऊण इंच? एवढी तर माझी मिशी आहे. देतो कापून, चिकटवा म्हणावं!"

आणि मी? तुला ठाऊक आहे मी कशी आहे. गेल्या रविवारी चर्चमध्ये उभी राहिले आणि म्हणाले, आपल्या पणजोबांना याच राज्यात गुलामांच्या बाजारात चौथऱ्यावर उभं करून त्यांचे दंड चाचपले, जबडे उघडून दात पाहिले, आणि मग बोली लावली. आज चौथऱ्यावर दिवे आले आहेत, बोली मोठी झाली आहे, पण मोजपट्टी कुणाच्या हातात आणि अंग कुणाचं, हे बदललेलं नाही! लोक उठून उभे राहिले. "सांगा बाई, सांगा!" म्हातारी मिसेस पेटवे छत्री आपटत होती. तिसऱ्या बाकावर कॉर्डेल मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, अपमानाने.

दुपारी जेवायला त्यांच्याकडे गेले. माझं तोंड चालूच होतं. वर्नेटाने गॅस बंद केला आणि मुलाला म्हणाली, "सांग तिला. नाहीतर पुढच्या रविवारी ही मोर्चा घेऊन वॉशिंग्टनला जाईल."

तो हसला नाही. "आत्या, हाताचं काही नाही. हात आखूड असला तर आतल्या जागी खेळवतात. दोन संघ तयार होते."

"मग?"

"इंडियानापोलिसला डॉक्टरांनी हृदयही मोजलं. भिंत जाड आहे. फार जाड. खेळलास तर मैदानातच पडशील, म्हणाले."

मार्चपासून माहीत होतं त्याला. तरी तीन दिवस मांडीवर फोन ठेवून बसला, एखादा संघ धोका पत्करेल म्हणून.

"अरे पोरा, मग मला व्यासपीठावर एवढं ओरडू का दिलंस?"

"हात म्हटलं की लोक चिडतात, आत्या. हृदय म्हटलं की झाकलेली पातेली घेऊन येतील, मयताच्या घरी आणतात तशी. मी अजून जिवंत आहे."

ल्यूशस, मी प्रवचन मागे घेतलेलं नाही आणि घेणार नाही. त्यांनी त्याला त्याच्यासाठी मोजलं नाही. घेतलेला माल टिकेल का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पण त्याच मोजणीने माझा भाचा आज जिवंत आहे, हेही खरं. ही दोन्ही सत्यं मला एका व्यासपीठावर बसवता येत नाहीत. आज पुन्हा रविवार, सकाळी बोलायला उभी राहिले आणि नुसतं स्तोत्र वाचून खाली बसले.

अजून मुद्द्यावर आलेच नाही मी. ऐक.

हे रक्तातून येतं. आई किंवा बाप, दोघांतल्या एकाकडून. वर्नेटाने तपासून घेतलं, तिच्याकडे नाही. मग कोण उरलं, ते तूच सांग. बाबा लाकडाच्या गिरणीत कोसळले तेव्हा सगळे म्हणाले, ऊन लागलं. तो नोव्हेंबर होता, ल्यूशस. नोव्हेंबरात कुणाला ऊन लागतं? आपण लहान होतो, मोठ्यांनी सांगितलं ते मानलं. तू आता त्यांच्या वयाचा झालास आणि समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर लोखंडी नळ उचलतोस, जिथून इस्पितळ हेलिकॉप्टरशिवाय गाठता येत नाही.

मी पण तपासून घेतलं. माझं साफ निघालं. देवाचे आभार मानायला गुडघे टेकले, पण तोंडात तुझंच नाव आलं.

तू घर सोडून का गेलास, यावर मला पुष्कळ बोलायचं आहे. ते आज नाही. आज एवढंच: डॉक्टरकडे जा. "आमच्या घरी आहे" असं तोंडाने सांग, नाहीतर ते छातीला नळी लावून घरी पाठवतील.

आणि गॅल्व्हेस्टनच्या तुझ्या दोन मुली. तुझ्यात असेल तर त्या प्रत्येकीला निम्मी शक्यता आहे. कॉर्डेलने त्यांना कधी पाहिलेलं नाही. तुझं नाव तो घेत नाही, तू त्याचा बाप आहेस हे कागदावर लिहायचं तरी त्याचा हात अडतो. पण हे पत्र त्याने मला लिहायला लावलं. मी निघाले तेव्हा दारात आडवा उभा राहिला, सगळी चौकट भरून, आणि म्हणाला, "आत्या, तुझ्या भावाला एवढं विचार. त्या मुली धावताना कधी मध्येच थांबतात का? छातीवर हात ठेवून? मी थांबायचो. सगळ्यांना वाटायचं, आळशी आहे."

उत्तर मला नको. त्याला पाठव.

तुझी, अजून तरी तुझीच,
ओडेसा