नलूकाकूंचा मोबाईल

मंगळवार, संध्याकाळ

आज ऑफिसात केक कापला. हॉस्पिटलचं नंबर लावायचं ॲप आम्ही काल रात्री कंटेनरमधून काढून सर्व्हरलेस नावाच्या नव्या, स्वस्त पद्धतीवर नेलं. आधी ते रात्रंदिवस चालू असायचं. आता कोणी नसलं की झोपतं, कोणी आलं की उठतं. उठायला वेळ लागतो, पहिल्या माणसाला ताटकळावं लागतं, हे मला माहीत होतं. पण टेस्टिंगला आम्ही सगळे दिवसभर बटणं दाबत बसलेलो, त्याला झोपू कोण देणार? सगळं झकास दिसलं. मीही गप्प बसलो.

चाळीत शिरलो तर गॅलरीत शेजारच्या नलूकाकू. काकांच्या हार्टच्या डॉक्टरांचा नंबर लावायला सकाळी पहिल्या त्याच असतात. आज स्क्रीन पांढरीच. घाबरून मोबाईल बंद-चालू करत राहिल्या, तोवर नंबर संपले. काकांचे पाय सुजलेत. आता पुढचा आठवडा.

“माझाच मेला मोबाईल जुना झालाय रे,” म्हणाल्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं? ती पांढरी स्क्रीन माझी होती.

“रविवारी दादरला येशील माझ्यासोबत? नवा घेऊन टाकते. तुला त्यातलं कळतं.”

येतो म्हणालो.