शंभरपर्यंत न मोजलेले झाड

दि. २२ ऑगस्ट, शनिवार

चि. धाकटीस,

आशीर्वाद आहेतच. माझी प्रकृती ठीक आहे. चष्म्याचा नंबर वाढला, पण त्याचे कारण वय आहे, अन्य काही नाही. तुझी प्रकृती विचारण्याचा अधिकार गेल्या चार महिन्यांत मी गमावला असेल, तरी विचारते.

प्रथम घटना, ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने. तुला त्या ठाऊक आहेत. परंतु माझ्या हस्ताक्षरात त्या अद्याप कुठेही नाहीत.

१२ एप्रिल, रविवार. जुन्या खाणीच्या तळ्यावर आपल्या दोघींसह मंडळाचे नऊ जण सकाळी सातला जमले. उत्तरेकडच्या काठावरचे रानतण काढायचे, वाळलेली झाडे पाडायची आणि पाखरांच्या उपयोगाची झुडपे लावायची, असे ठरले होते. आराखडा माझा होता. खुणांची पद्धत माझी होती: तांबडी चिंधी म्हणजे पाडायचे, पांढरी म्हणजे राखायचे. चिंध्या तुझ्या शिवणकामातून उरलेल्या. नियमही माझाच होता: वाळक्या खोडावर काठीने तीन ठोके द्यावेत, मग शंभरपर्यंत अंक मोजावेत, तेवढ्यात ढोलीतून कोणी डोकावले नाही आणि आवाजही आला नाही, तरच तांबडी बांधावी. साडेअकराला आपण दोघी शेवटच्या झाडापाशी पोचलो. तेथे तिसरे कोणी नव्हते, असे मी परवापरवापर्यंत समजत होते.

१९ एप्रिल, रविवार. मंडळातल्या सुताराने ते खोड पाडले. ढोलीत पिंगळ्याची तीन पिल्ले निघाली. दोन जागच्या जागी गेली. तिसऱ्याला परिचारिकेने घरी नेऊन चिमट्याने किडे भरवले. सहाव्या दिवशी तेही गेले.

२१ एप्रिल, मंगळवार. मंडळाची सभा. पोस्टमनने विचारले, "त्या झाडाला तांबडी कुणी बांधली?" मी म्हणाले, "धाकटीने."

२२ एप्रिल, बुधवार. तू शिवणयंत्र टेम्पोत चढवलेस आणि मावसबहिणीकडे राहायला गेलीस.

घटना संपल्या. सभेतले माझे वाक्य तपासून पाहा: त्यात असत्य असे काही सापडणार नाही. गाठ तूच मारली होतीस. इतके अचूक वाक्य मी आयुष्यात क्वचितच बोलले असेन, आणि इतके खोटेही.

तळ्याचे काम चालू आहे. लावलेल्या एकशे दहा झुडपांपैकी ब्याण्णव तगली. पाणकोंबडीची एक जोडी लव्हाळ्यात आली आहे. पोस्टमनने तिच्यासाठी तरंगता तराफा बांधला. तो पहिल्याच दिवशी बुडाला. "टपाल बुडवलं नाही कधी, हे बुडवलं," असे तो सगळ्यांना सांगत सुटला आणि सगळे पोट धरून हसले. मी पोचले तेव्हा हसणे थांबले होते. चहाच्या वेळी माझ्यासाठी बाकावर सरकून जागा करतात. मी बसले की ज्याला त्याला दुसऱ्या टोकाचे काम आठवते.

घरी शांतता आहे. वर्तमानपत्रातल्या चुका मी अजूनही तांबड्या शाईने खुणावते. पूर्वी तू त्या मोठ्याने वाचून दाखवायला लावायचीस आणि हसता हसता तुझ्या हातातली सुई गळून पडायची. मग आपण दोघी फरशीवर रांगत ती शोधायचो. आता चुका तशाच घडी होऊन रद्दीत जातात. तुझ्या खोलीत मी माझी पुस्तके हलवलेली नाहीत. जागेची अडचण आहे, तरी हलवलेली नाहीत.

त्या सकाळी नेमके काय झाले, ते आता लिहिते. दहाच्या सुमारास परिचारिका एक रोप घेऊन आली. मी तिच्या समोर उभी होते. तिने रोपाचे नाव तुला विचारले. तू कात्री चालवता चालवताच सांगितलेस, आणि बरोबर सांगितलेस. सदतीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईला ते किती झोंबले, हे तुला कळलेही नसेल. शेवटच्या झाडापाशी मी तोंडाने अंक म्हणत होते आणि डोक्यात तेच रोप होते.

"ताई, शंभर झाले?"

"झाले."

"एवढ्यात? मी सत्तरवर आहे अजून."

"तुझे मोजणे नेहमीच संथ. बांध."

"आत काहीतरी खसखसतंय गं."

"वाळवी असेल. कानाला वाटले म्हणजे पुरावा होत नाही."

"तुझ्यापुढे कुणाचं चाललंय! यम दारात आला तरी तू आधी त्याच्या अर्जातल्या चुका काढशील."

मीही हसले. तू गाठ मारलीस. मी तेव्हा एकतीसवर होते.

गेल्या रविवारी, म्हणजे १६ तारखेला, काम सुरू होण्यापूर्वी मी सर्वांना उभे केले आणि निवेदन वाचले. एक पान होते. 'नियम मी केला आणि मीच मोडला. धाकटीने मला दोनदा अडवले होते. सभेत मी अर्धे सांगितले,' इतकेच त्यात होते. आवाज कापला नाही. वाचून झाल्यावर मी आरोपांची वाट पाहत उभी राहिले. त्यांची उत्तरेही मी तयार ठेवली होती.

मग पोस्टमन म्हणाला, "बाई, बसा. आम्हाला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

त्याने सुताराकडे पाहिले. सुतार खाली मान घालून म्हणाला, "त्या दिवशी मी पलीकडच्या झुडपात पडलेली मोजपट्टी शोधत होतो. दोघींचं बोलणं ऐकू आलं. ऐकूनही रविवारी करवत मीच चालवली. तुम्ही मोजलं म्हणालात म्हणजे मोजलं असणार, असं वाटलं. मला काय झोप लागते होय बाई?"

"मग सभेत बोलला का नाहीत?"

"उठलो होतो की! तुमचं लक्ष नव्हतं, तुमच्या बहिणीनं हाताला धरून खाली बसवलं. हळूच म्हणाल्या, 'नको. ताईला चुकायची सवय नाही. तिला नाही पेलायचं.'"

परिचारिका म्हणाली, "त्यांनी आमच्या सगळ्यांकडून शब्द घेतला. म्हणून आम्ही तुमच्याजवळ बसायचं टाळायचो. बसलं की तोंडावर यायचं."

चार महिने मी त्यांना शिस्त लावते आहे, अशी माझी समजूत होती. चार महिने ते मला सांभाळत होते.

मला राग आला, धाकटे, आणि तो तुझा आला. आपली चूक उघड होणे मी सहन केले असते. परंतु सात माणसांनी मिळून माझी कीव करावी, आणि ती व्यवस्था तू लावून जावीस! त्या संध्याकाळी मी तुला चार पानी खरमरीत पत्र लिहिले. मुद्देसूद होते. दुसऱ्या दिवशी वाचले आणि फाडले, कारण त्यातला एकही मुद्दा तुझ्याविरुद्ध जात नव्हता.

माझी चूक तुझ्या माथी बसली, ती तू चार महिने परक्या घरात वागवलीस, आणि मला एका शब्दाने सुनावले नाहीस. तू लहान असताना मी तुला पुष्कळ काही शिकवले, असे मी सर्वांना सांगत आले. हे मी शिकवलेले नाही.

म्हणून दोन प्रश्न. 'तिला नाही पेलायचं' हे तू मायेने म्हणालीस, की तो तुझा माझ्याविषयीचा निकाल होता? दोन्ही असेल तर तसे सांग. आणि दुसरा: तू परत येशील का? मंडळात नव्हे, तिकडे तुझी वाट सगळेच पाहतात. घरी.

फोन करू नकोस. फोनवर मी तुला एकही वाक्य पुरे करू देणार नाही, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. कागदावर मला तुला अडवता येत नाही. तेव्हा जे असेल ते शेवटपर्यंत लिही, राग असेल तर रागाने लिही, नकार असेल तर नकारही लिही; पण लेखी उत्तर पाठव.

तुझी,
ताई