गंधकाची पुडी कोण वाचणार?

मुक्काम अनसिंग, ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा

श्रीयुत उकंडराव व्याही यांस नानाजीचा रामराम.

सूनबाई कस्तुरा आखाजीला आपल्याकडे मंगरूळपीरला आली, त्याला महिना होत आला आणि पत्र आज लिहितो, याची माफी असावी. (बसलो परवाच होतो; जोडाक्षर आलं की हात थांबतो.) आपली कंबर कशी आहे? माझे गुडघे होते तसेच आहेत.

मागच्या पेरणीला शेतकी खात्याचा माणूस ज्वारीच्या बियाण्यासाठी गंधकाच्या पुड्या देऊन गेला. कणसं काळी करणारी काणी त्यानं पडत नाही, असं पुडीवरचं वाचून कस्तुरानं अर्धं बी चोळून ठेवलं. बाईनं वाचून केलेलं काम म्हणून मला धास्ती. तिला न सांगता ते बी मी मुरमाड बरडात पेरलं आणि साधं बी चांगल्या वावरात. चांगल्या वावरातली निम्मी कणसं काणीनं नेली. बरडातली दाण्यानं वाकली. त्या बरडावर आजवर घर जेवतं आहे, वर उरलेली ज्वारी विकून एक गोऱ्हा घेतला.

चावडीवर लोकांनी विचारलं, तेव्हा पुडी मीच वाचली असं तोंडून निघून गेलं. रामधन म्हणाला, "काय सांगता नानाजी! तुमाले तं ठेसनावरची पाटी वाचता येत नाही!" तरी मी हटलो नाही. हे कस्तुराच्या कानावर गेलं. भांडली नाही; एवढंच म्हणाली, "मामाजी, रंगूचं नाव शाळेत घाला. माह्या मागं पुड्या कोन वाचीन?" नात सहा वर्षांची, पोरीला शाळा कायले, म्हणून मी ते टाळलं. मग रंगूला घेऊन ती आखाजीला गेली, ती गेलीच.

आमच्या पोराचा, जगदेवचा, यात दोष नाही. त्याला दुसरीतून काढून बैलांमागे मीच लावलं. (चुकलं. त्याला कळवू नये.)

इकडे सर्व ठीक आहे. लेकीला घाई करू नये.

आपला,
नानाजी

ता. क. सर्व ठीक नाही. नव्या पुड्या आल्या, यंदा औषध वेगळं आणि कागदही वेगळा. अकरा जण आपापली पुडी माझ्यापुढे धरून राह्यले. चष्मा फुटला म्हणालो, तर रामधननं स्वतःचा आणून दिला.

आणखी एक. काल मास्तरांकडे गेलो होतो. पुडी घेऊन नाही, रंगूचं नाव घालायला. चावडीवर खरं काय तेही सांगेन. पण कस्तुरा आल्यावर, तिच्या मागे उभा राहून. मृग आठ दिवसांवर आहे. सोमवारी जगदेव बैल जुंपून दमणी घेऊन येईल. त्याआधी दोन ओळी धाडा, मोठ्या अक्षरात. तेवढी सवड नसली, तर उत्तर राहू द्या, तिलाच धाडा.