अक्का, तुमचे भाऊ तुमच्यापेक्षा मोठे झाले

लातूर, सोमवार
(दुपार. हे जेवून पडलेत, पण झोपलेत याचा भरवसा नाही.)

ती. अक्कांना,

लातूरहून पार्वतम्माचे शरणु शरणार्थी. तुमचे गुडघे कसे आहेत, त्या नव्या तेलानं काही फरक पडला का, आणि कपिली गाय व्याली का, ते कळवा. (कालवड झाली असेल तर तुमच्या भावाला इतक्यात सांगू नका, देवणीला बघायला निघतो म्हणतील.) इकडं तुमच्या आशीर्वादानं सगळं ठीक आहे. तुमचे भाऊ फार समजूतदार झालेत, गोळ्या वेळेवर घेतात, माझं सगळं ऐकतात. हे शेवटचं वाक्य त्यांना वाचून दाखवायला लिहिलंय, तुम्ही खरं धरू नका. फोन का केला नाही म्हणाल, तर फोन त्यांच्या उशाशी असतो, आणि खुबा झिजला तरी कान काही झिजले नाहीत. अक्काला तुपाचं विचारायला पत्र लिहिते असं सांगितलंय, तेव्हा तूप कसं आहे तेही लिहा.

खुब्याचं तुम्हाला माहीतच आहे. उजव्या खुब्याचा गोळा पार झिजलाय, तो काढून नवा सांधा बसवायचा असं हाडाचे डॉक्टर म्हणतात. नाही बसवला तर हळूहळू खाट धरतील. आताच खाटेपासून मोरीपर्यंत जायला एक हात काठीवर आणि एक माझ्या खांद्यावर लागतो, आणि तेवढ्या वाटेत आज भाजी काय केली हे दोनदा विचारून होतं. पण एक गोष्ट तुमच्या कानावर अजून नाही, ती आधी सांगते. तुमचे धाकटे भाऊ आता शहात्तर वर्षांचे आहेत. घाबरू नका, तुम्ही बहात्तरच्याच आहात.

झालं असं की पंचाहत्तरी झालेल्यांना एसटीचं तिकीट लागत नाही हे कळल्यापासून ह्यांच्या जिवाला चैन नव्हतं. स्वतःची पासष्टी झाली होती, म्हणजे अर्ध्या तिकिटाचे धनी झाले होते, पण अर्ध्यात ह्यांचं कधी भागलंय? गेल्या वर्षी बसस्टँडजवळच्या बजरंगच्या ऑनलाईनच्या दुकानात गेले, तिथं काय शिजलं ते शंभो जाणे, आणि आधार कार्डावर दहा वर्षं वाढवून, वर पंचाहत्तरीचे पेढे घेऊन घरी आले. तुझंही करून आणतो म्हणाले. मी म्हटलं, बायकांना अर्धं तिकीट आहे, माझं तेवढ्यात भागतं, मला म्हातारी करू नका. मग काय, चहा प्यायला चाकूर, भजी खायला उदगीर, आणि नांदेडला तर नुसतंच जाऊन येणं. संगतीला बजरंगच्याच दुकानात म्हातारे झालेले तिघं मित्र. त्यातले व्यंकटभाऊ खरे अठ्ठावन्नचे. (कंडक्टरला शंका येऊ नये म्हणून त्यांनी मिशीला कलप लावायचा सोडला. त्यांची बायको अजून बजरंगला बोल लावते.) एवढा खुबा कशानं झिजला असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, एसटीनं. आपल्याकडचे रस्ते डॉक्टरांनाही माहीत आहेत.

तर ऑपरेशनच्या आधी भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासायचं असतं. धम्मप्रिया त्यांचं नाव, माहेर हिमायतनगरचं, वयानं आपल्या लेकाएवढ्या, सोमेशएवढ्या, पण नजर अशी की खोटं बोलणाऱ्याला घाम फुटावा. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. शुगर आहे का? हे म्हणाले, थोडी. (थोडी म्हणजे दोन गोळ्यांची.) रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का? तर म्हणाले, नाही. मी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं, तर म्हणाले, ही होय, ही मी छातीची समजत होतो. तंबाखू? कधीच नाही म्हणाले, आणि अंगठ्याच्या नखात चुना. बाईंनी हातच बघायला मागितला. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. ह्यांचं रक्त नऊच आहे, आणि खुब्याच्या ऑपरेशनात रक्त जातं. आधीच कमी असलं की वरून चढवायची वेळ येते. त्यात शुगर असली की जखम चिघळायची भीती, तंबाखूनं छातीत कफ धरायची भीती, पातळ करायच्या गोळीनं रक्त लवकर थांबत नाही. आणि त्यात पंचाहत्तरीच्या पुढचं वय, म्हणजे सगळ्याच बाबतीत धोका थोडा जास्त. दोन पिशव्या रक्त तयार ठेवू आणि ऑपरेशननंतर अतिदक्षता विभागात ठेवू, असं त्या म्हणाल्या.

अक्का, त्या क्षणी ह्यांचा चेहरा बघायला तुम्ही पाहिजे होतात. शुगर खरी, रक्त कमी तेही खरं, पण वयाची दहा वर्षं तर बजरंगची. तेवढी जागच्या जागी उतरवून टाकावीत असं ह्यांच्या ओठावर आलं, आणि तेवढ्यात मागच्या बाकड्याकडं नजर गेली. तिथं आपल्या आईला घेऊन आलेला एसटीचा कंडक्टर बसला होता, अंगावर खाकी, आणि ह्यांच्याकडं बघून ओळखीचं हसत होता. उदगीरच्या गाडीवरचाच तो. ह्यांनी हाव, शहात्तर, असं कबूल केलं. पुढं डॉक्टरीणबाईंनी घरातल्यांच्या तब्येतीचं विचारलं. कुणाला बीपी, कुणाला हार्टचं? तर हे लाडानं म्हणाले, देवणीला माझी मोठी अक्का आहे, तिनंच मला खांद्यावर घेऊन वाढवलं, बहात्तरची आहे पण ठणठणीत. बाई लिहिता लिहिता थांबल्या. ह्यांच्याकडं बघितलं, कार्डाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी छताचा पंखा बघून राहिले. मागं कंडक्टर खोकला. बाई हसू दाबत म्हणाल्या, काका, मी अंगाकडं बघून भूल देते, कार्डाकडं बघून नाही, खरं वय सांगा. तेव्हा हे इतक्या हळू सहासष्ट म्हणाले की मलाच ऐकू आलं नाही.

आता सगळं सुरळीत व्हायला पाहिजे होतं की नाही? वयाचा धोका कमी झाला, राहिलं रक्त. बाईंनी लोहाची सलाईन लावली, गोळी दिली, आणि गोळीवर चहा प्यायचा नाही अशी ताकीद दिली. (चहाशिवाय एक तास म्हणजे ह्यांना जन्मठेपच. मी पातेलं लपवलं तर शेजारच्या सुमनबाईंकडं काठी टेकत गेले. दुखत्या खुब्यानं मोरी लांब वाटते, सुमनबाई नाही.) शेवग्याचा पाला, खजूर, गूळ-शेंगदाणे, असं करत रक्त नऊवरून अकराच्या पुढं गेलं. बाई म्हणाल्या, फार छान, आता कदाचित चढवावंही लागणार नाही, पण पिशव्या हाताशी असू द्या.

त्या पिशव्यांसाठी ह्यांचे तिघं मित्र आपणहून रक्तपेढीत गेले. माणसं जीव लावणारी आहेत, त्याबद्दल मी कधी काही बोलणार नाही. पण तिथल्या पुनम नावाच्या पोरीनं कार्डं मागितली, आणि तिन्ही कार्डं पंचाहत्तरीच्या पुढची निघाली. पासष्टीनंतर रक्त घेत नाहीत, आजोबा, असं ती म्हणाली. वर्षभर कंडक्टरांशी म्हातारे आहोत म्हणून भांडणारे हे तिघं तिथं तरणे आहोत म्हणून भांडायला लागले. व्यंकटभाऊ तर मिशीला ताजा कलप लावून गेले होते, त्यांनी तिच्यासमोर बैठका काढून दाखवल्या. तिनं त्यांना पाणी दिलं आणि बसायला खुर्ची दिली. शेवटी सोमेशनं आणि त्याच्या मित्रानं रक्त दिलं. तेव्हा त्याची काळजी नाही.

काळजी ह्यांची आहे. त्या दिवशी दवाखान्यात शहात्तर ऐकलं ना, ते ह्यांच्या डोक्यात जाऊन बसलंय. शाळेत मास्तरांनी आपल्या सगळ्यांचीच जन्मतारीख एक जून लावली, हे तुम्हाला माहीत आहे. तेच धरून हे म्हणतात, खरं साल कुणाला माहीत, आई तर गेली, बजरंगनं चुकून बरोबरच लिहिलं असेल. आणि तेव्हापासून शहात्तरीचे झालेत. आवाज बारीक काढतात, भाकरी दुधात कुस्करून मागतात, सोमेशला बोलावून शेताचे बांध दाखवायचं म्हणतात. पुढच्या सोमवारी ऑपरेशन ठरलंय, आणि सहीचा कागद पुढं केला की म्हणतात, ह्या वयात कशाला चिरफाड. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सोमेशनं सांगितलं, मी तर सांगून दमले. धोका कमी करायचा होता तेवढा कमी केला, आता भीतीवरचं औषध काही दवाखान्यात नाही. पण त्यांच्यापुढं मी रडत नाही, भांडते.

बाकी सगळं क्षेम. कपिलीला माझा हात फिरवा. तूप मात्र मागच्यासारखं करपवू नका.

तुमची भावजय,
पार्वतम्मा

ता. क. तूप नको, तुम्ही या. शनिवारच्या आत या. तुम्ही सहा वर्षांच्या असताना हे जन्मले आणि तुम्ही पाळण्याची दोरी ओढायचात, हे त्यांच्या तोंडावर सांगणारं आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही. एरवी तुमचं ऐकत नाहीत, कागदावर मी तुझ्यापेक्षा मोठा आहे म्हणतील, पण तुम्ही एकदा कान धरला की सहासष्टचे होतील. मग सही मी करून घेते.

ता. क. दुसरं. हे जागेच होते. काय लिहिलंस विचारलं, मी तुपाचं लिहिलं म्हणाले. तर हे म्हणाले, अक्काला लिही, भेटून घे म्हणावं, माझं काय, शहात्तर म्हणजे लई झालं. मला असा राग आला की पेन ठेवून आत गेले. अक्का, मी साठची आहे. फुकट बसायला म्हणून ह्यांनी जी दहा वर्षं एसटीला देऊन टाकली, ती ह्यांच्या एकट्याची नव्हती, ती माझ्याबरोबर घालवायची होती. मला विचारलं नाही. ती मला परत पाहिजेत.