ऐन वेळचा बॉल

लॉस एंजेलिस,
ता. १० मे १९७०

ती. दादास,

सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. शेवटी वच्छलावहिनीनं चार ओळी लिहिल्या होत्या, त्या आधी वाचल्या. माझा अभ्यास ठीक आहे. आईला सांग, इथं थंडी अशी नाहीच, स्वेटर पेटीतच पडला आहे.

तू शाळेत पोरींना बास्केटबॉल शिकवतोस म्हणून ही बातमी खास तुझ्यासाठी. इथल्या धंदेवाईक खेळाडूंची अंतिम मालिका परवा संपली. आमच्या गावचा लेकर्स संघ न्यूयॉर्ककडून हरला. तिसरा सामना मी रेडिओवर ऐकला. तीन सेकंद उरलेले, लेकर्स दोन गुणांनी मागं, आणि जेरी वेस्टनं साठ फुटांवरून बॉल फेकला. तो जाळीत गेला. बरोबरी झाली, पण जादा वेळात लेकर्स हरलेच. अंतिम फेरीत हरण्याची वेस्टची ही सातवी खेप. तरी लोक त्याला मिस्टर क्लच म्हणतात, म्हणजे ऐन वेळी हमखास गुण आणणारा. माझ्या खोलीतला बोस्टनचा सोबती म्हणतो, ते नाव सॅम जोन्सला शोभतं. मागच्या वर्षी त्यानं याच लेकर्सविरुद्ध शेवटच्या क्षणी, तोल जाता जाता बास्केट केलं आणि एका गुणानं सामना काढला. दहा विजेतेपदं आहेत त्याच्याकडं. मीही जोन्सकडून. ज्यानं जिंकून दिलं तो मोठा.

तुझं मत कळव. सर्वांत वाईट कोण, यावर मात्र वाद नको. तो मान आपल्या हुकलेसिंगचा.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझा,
देवमन

———

किन्हीराजा,
ता. २८ मे १९७०

चि. देवमन यास,

अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

घरी सर्व खुशाल. क्लच म्हटलं की आमच्या इथं एस.टी.च्या ड्रायव्हरचा पाय आठवतो. वच्छला म्हणे, त्या वेस्टले मालेगावच्या गाडीवर बसवा, निदान गाडी तरी वेळेवर येईन.

माझं मत वेस्टला. जोन्सचा बॉल आत पडला, संघ जिंकला, त्याचं चांगलंच झालं. पण सात वेळा अंतिम फेरीत हरलेला माणूस पुन्हा तेवढ्याच गर्दीपुढं बॉल मागतो, याचं तू मोल धरत नाहीस. बॉल आत गेला की नाही तेवढंच तू मोजतोस. ऐन वेळी तो हातात ठेवायलाच छाती लागते.

हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो. अमरावतीला १९५९ साली कॉलेजच्या अंतिम सामन्यात आपण एका गुणानं मागं होतो. शेवटी किसनसिंगचा नेम हुकला आणि आपण हरलो, हे तुला ठाऊक आहे. तू बारा वर्षांचा, कुंपणावर बसला होतास. पण त्याआधी बॉल माझ्याकडं होता. मी मोकळा होतो, समोर कोणी नव्हतं. माझे हात गार पडले आणि मी बॉल किसनसिंगकडं फेकून दिला. त्याच्या अंगावर दोघं होते. लोकांनी त्याला हुकलेसिंग म्हटलं, मी गप्प राहिलो. त्याच उन्हाळ्यात तो कॉलेज सोडून मानोऱ्याजवळच्या आपल्या तांड्यावर गेला. त्यानंतर मी त्याच्याकडं गेलो नाही. अकरा वर्षं झाली.

तुझ्या पत्रात ते नाव वाचलं आणि जेवण गेलं नाही. तू लहान आहेस, तुला दोष नाही.

प्रकृतीला जप. आठवण ठेवतोस तशीच ठेव.

तुझा,
जगदेवदादा

———

लॉस एंजेलिस,
ता. १४ जून १९७०

ती. दादास,

सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो.

दादा, तू मोकळा होतास हे मी कुंपणावरून पाहिलं होतं. माझ्याशेजारी कॉलेजची पोरं बसली होती. त्यातला एक म्हणाला, त्या जगदेवनं काहून नाही मारला. मला राहवलं नाही. मी मोठ्यानं ओरडलो, हुकलेसिंग. ते हसले, मग सगळ्या बाजूनं तेच सुरू झालं. तुझं नाव मागं पडलं. ते नाव माझं आहे. आजवर घरात कोणाला सांगितलं नाही. मागच्या पत्रात गंमत म्हणून लिहिलं, कारण गंमत म्हटलं की बरं वाटतं.

सोबत किसनसिंगदादांसाठी एक पाकीट आहे. हे सगळं त्यात लिहिलं आहे आणि माफी मागितली आहे. पोस्टात टाकू नकोस. तुलाही कधीतरी त्यांच्याकडं जावंच लागेल, तूच नेऊन दे. जोन्स आणि वेस्ट यांचं नंतर पाहू.

रागावला असशील तरी पत्र पाठव.

तुझा,
देवमन

———

किन्हीराजा,
ता. ६ जुलै १९७०

चि. देवमन यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल मानोऱ्याहून परत आलो. वाशीम, मंगरुळपीर करत गेलो, पुढं तांड्यापर्यंत चिखलातून पायी. किसनसिंग अंगणात बसून कोळपणीच्या डवऱ्याचं पातं ठोकत होता. मला पाहून उठला नाही, पण बायकोला, रामीबाईला, चहा ठेवायला सांगितलं. केस पिकले आहेत त्याचे.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तो पातं ठोकत राहिला. मग म्हणाला की ते नाव त्याच्या लग्नाच्या पंगतीतही निघालं होतं, सासऱ्यानं विचारलं हे काय, तेव्हा त्याला सांगता आलं नाही. तुझं पत्र त्यानं दोनदा वाचलं आणि टोपीत ठेवलं.

माझ्या मनावरचं ओझं उतरेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. सांगितल्यावर त्याचा चेहरा असा उतरला की वाटलं, मी त्याच्याकडचं काही उचलून न्यायला आलो. शेवटी तो एक बोलला, ते मला लिहिता येत नाही. तुझा पत्ता त्यानं घेतला आहे. लिहायचं असेल तर तोच लिहील.

तुझ्यावर राग नाही. तू माझ्यासाठी ओरडलास, आणि ते मला तेव्हाही कळलं होतं.

सावकाशीनं उत्तर दे, पण दे.

तुझा,
जगदेवदादा

———

मानोरा,
ता. १९ जुलै १९७०

चि. देवमन यास,

किसनसिंगचा रामराम.

तुझी चिठ्ठी मिळाली. रामीबाईले वाचून दाखवली. ते म्हणे, बारा वर्षाच्या पोरानं माह्या नवऱ्याचं बारसं केलं. आमच्या घरी आता तुह्यावर राग नाही. पहिले होता, पण तो तुह्यावर आहे हे आमाले माहीत नव्हतं.

कॉलेज मी त्या नावापायी सोडलं नाही. त्या साली बाबा गेले, शेती पाहाले कोणी नव्हतं. हे जगदेवले सांगतलं तर त्याले खरंच वाटेना.

तो बॉल मी मागतला होता. डावा हात वर केला होता. अंगावर दोघं होते तरी मागतला. जगदेवले तो हात आठवत नाही, तुले कुंपणावरून दिसला नाही. नेम हुकला याचं मले दुःख नाही, कोणाचाही हुकते. पण मागतला होता हे कोणी म्हणत नाही.

अन् अकरा वर्षं मी एक धरून बसलो होतो. लोक काही म्हणोत, जगदेवनं तो बॉल माह्यावर भरोसा ठेवून देला. लय हसू झालं का मी तेच आठवत जाओ. आता तो येऊन म्हणते, मी भेलो होतो. मले लय वाईट वाटलं. वाटलं, कायले सांगाले आला हा, नसता आला तर बरं होतं.

मग चहा झाला, अन् मी त्याले म्हटलं, भेला असशीन. पण मैदानावर आपले आणखी तिघं होते, ते मोकळे होते. माह्या अंगावर दोघं होते. तरी तू बॉल माह्याकडंच फेकला.

तो खाली बसला अन् डोळे पुसाले लागला. रामीबाईनं त्याले जेवू घातलं. मी त्याले फाट्यावर गाडीत बसवून आलो.

तुमच्या त्या अमेरिकेच्या दोघांतला मोठा कोण, ते मले कळत नाही. मी त्याइले पाह्यलं नाही.

अभ्यास कर. इकडं येशीन तेव्हा आमच्या घरी जेवाले ये.

तुहा,
किसनसिंग